ऐन वेळी आठवणारं वाक्य: आईबाबांनी रोजच्या प्रसंगांसाठी स्वतःची ब्रीदवाक्यं कशी घडवावीत

मुलांना कसं वाढवावं याचा सल्ला आता उदंड मिळतो. अडचण अशी की हवा त्या क्षणी तो आठवत नाही. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रिक्षाकाकांचा हॉर्न वाजतो, एका पायात मोजा असतो आणि दुसरा सापडत नसतो, डब्याचं झाकण लागत नाही, आणि मूल सांगतं की आज चार्टपेपर न्यायचा आहे. अशा वेळी वाचलेलं, ऐकलेलं काहीही डोक्यात येत नाही. तोंडातून बाहेर पडतं ते एखादं तयार वाक्य. बहुतेकदा ते आपल्या आईचं किंवा वडिलांचं असतं आणि आपण ते कधी निवडलेलं नसतं.

हे वाक्य आपण स्वतः निवडू शकतो. त्यासाठी काय करायचं ते इथे क्रमाने लिहिते आहे. ब्रीदवाक्य म्हटलं की पाटीवर कोरलेलं भारदस्त संस्कृत डोळ्यांपुढे येतं. मला म्हणायचंय ते घरगुती वाक्य: चार-पाच शब्दांचं, आपल्या बोलीतलं, एका ठरावीक प्रसंगासाठी राखून ठेवलेलं. आपल्या आज्या-पणज्यांकडे अशी वाक्यं होती. म्हणी लहान असतात, त्यांना ठेका असतो, कारण हातातलं काम न सोडता त्या आठवाव्या लागतात.

पहिली पायरी: घरात आधीपासून काय बोललं जातं ते ऐका

नवं वाक्य घडवण्याआधी एक आठवडा फक्त ऐका. फ्रीजवर कागद लावा किंवा स्वतःलाच व्हॉट्सॲपवर निरोप पाठवत राहा. घाईत, रागात, थकव्यात तुमच्या तोंडून जी वाक्यं पुन्हा पुन्हा येतात ती जशीच्या तशी लिहा आणि शेजारी वेळ टाका. त्यावर लगेच मत बनवू नका, सुधारायलाही जाऊ नका.

यादीत साधारण हीच मंडळी भेटतील: ‘लोक काय म्हणतील?’ ‘थांब, बाबांना येऊ दे घरी.’ ‘किती वेळा सांगायचं एकच गोष्ट?’ ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती.’ ‘मुलगा असून रडतोस?’ ‘शेजारच्या सईकडे बघ जरा.’ ही सगळी ब्रीदवाक्यंच आहेत आणि रोज आपलं काम करतात. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य घर चालवत असेल, तर लग्नाच्या हॉलमध्ये मूल रडायला लागल्यावर आपली नजर मुलाकडे जाण्याआधी आजूबाजूच्या खुर्च्यांवर जाते. ‘बाबांना येऊ दे’ हे रोज म्हटलं जात असेल, तर संध्याकाळी दाराची बेल वाजली की मूल आत पळतं.

यादीत चांगली वाक्यंही सापडतील, तीही टिपा. माझ्या आजीचं एक होतं, ‘सांडलं तर पुसू.’ दूध सांडो, कुंकू सांडो, आजी एवढंच म्हणायची आणि फडकं आणायची. फडकं कधी तिच्या हातात असायचं, कधी आमच्या हातात द्यायची. अशी वाक्यं आयती मिळत असतील तर नवी शोधायचं कारण नाही.

आठवड्याच्या शेवटी वेळा बघा. घर दिवसभर पेटलेलं नसतं. दोन-तीनच जागा असतात: सकाळी निघताना, संध्याकाळी सगळे परतल्यावरचा पहिला तास, अभ्यास आणि झोप.

दुसरी पायरी: एकच प्रसंग निवडा

‘आता चिडायचं नाही’ असा निश्चय बहुतेक घरांत सोमवारी होतो आणि मंगळवारी मोडतो. कारण त्यात कधी आणि काय, हे दोन्ही नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. नुसता हेतू ठरवण्यापेक्षा ‘अमुक घडलं की मी तमुक करेन’ असं आधीच ठरवून ठेवलं तर ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते, असं त्यांचं म्हणणं. पुढे २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही मध्यम ते मोठा परिणाम दिसला. प्रसंग ओळखीचा झाला की ठरवलेली कृती फारसा विचार न करता सुरू होते. सकाळच्या घाईत आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

म्हणून वाक्याआधी खूण निवडा. ती कानांना ऐकू येणारी किंवा डोळ्यांना दिसणारी असावी: रिक्षाचा हॉर्न, दाराची बेल, दप्तर जमिनीवर आपटल्याचा आवाज, धाकट्याची ‘आईऽऽ’ अशी ठरलेली हाक. ‘मला राग आला की’ ही खूण चालत नाही. राग आल्याचं आपल्याला उशिरा कळतं.

तिसरी पायरी: वाक्य घडवा

‘मी एक शांत आणि प्रेमळ आई आहे’ अशी वाक्यं आरशावर चिकटवलेली मी पाहिली आहेत. ती टिकत नाहीत. ऐन रागात मन लगेच उलट उत्तर देतं, ‘कुठली शांत!’ वाक्याने दावा करू नये, काम सांगावं. ‘संयम ठेव’ यात काम नाही. ‘आधी खाली बस, मग बोल’ यात आहे: गुडघे टेकायचे, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं आणि मग तोंड उघडायचं. तेवढ्या दोन सेकंदांत आवाज आपोआप खाली येतो.

वाक्य एका श्वासात मावलं पाहिजे. ते घरच्या बोलीत असावं. वऱ्हाडात, कोकणात, खानदेशात जे तोंडी बसतं तेच घ्यावं, पुस्तकी भाषा चिडलेल्या माणसाच्या मदतीला येत नाही. आणि ते आपल्याला सांगणारं असावं, मुलाला नव्हे. ‘आईचं ऐकायचं’ हा नियम झाला. नियमही लागतात, पण त्यांचा विषय निराळा.

आणखी एक युक्ती मला फार उपयोगी वाटते. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ताणाच्या वेळी माणूस स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलण्याऐवजी स्वतःचं नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून बोलला, तर त्याला प्रसंगाकडे थोडं लांबून पाहता येतं. मराठीत हे अगदी सोपं आहे. आपण स्वतःला सहज ‘अगं, थांब जरा’, ‘अरे, दमानं’ म्हणतोच. तुमची आई किंवा मावशी लाडाने ज्या नावाने हाक मारायची ते नाव वाक्याला जोडा. त्या हाकेत ओरडा सहसा नसतो.

घडवलेलं वाक्य कणीक मळताना, स्कूटर काढताना मोठ्याने म्हणून बघा. जीभ अडखळली तर शब्द कमी करा.

वापरात टिकलेली काही वाक्यं

*आधी पोटोबा.* माझ्या मते मराठी घरासाठी यासारखं ब्रीद नाही, आणि ते आयतं मिळालेलं आहे. प्रसंग: संध्याकाळी मूल शाळेतून किंवा क्लासमधून येतं, नाहीतर आपण लोकलच्या गर्दीतून घरी पोचतो. दार उघडताच आपण विचारतो, ‘गणिताचे पेपर मिळाले?’ त्या वेळी दोघंही भुकेलेले असतात. भुकेलं मूल गणिताविषयी बोलत नाही, बुटांवरून भांडतं. तेव्हा खूण दाराची बेल आणि कृती अशी: खाऊन होईपर्यंत शाळा, गुण, गृहपाठ, तक्रार यांतलं काहीच काढायचं नाही. खाणं तयार असायला हवं, नाहीतर ब्रीद नुसतं तोंडी राहतं. त्यासाठी रविवारीच सोय करावी: चुरमुऱ्यांचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले दाणे आणि गूळ, केळी. सकाळची पोळी तूप-गूळ लावून गुंडाळली की दोन मिनिटांत काम होतं.

हे ब्रीद मोठ्यांनाही लागू आहे, हे मात्र सगळे विसरतात. ऑफिसातून आल्या आल्या ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईने दुपारी एकनंतर काही खाल्लेलं नसतं. तिने आधी पाच मिनिटं बसून काहीतरी पोटात घालावं. नवराबायकोंमधले पैशांचे, सासरमाहेरचे वादही जेवणाआधी काढू नयेत. आमच्या घरी आता धाकटीच आम्हा दोघांना सुनावते, ‘आधी पोटोबा!’, आणि विषय खरोखर पुढे ढकलला जातो.

*हात मागे.* प्रसंग: मूल बटण लावतंय, बुटाची नाडी बांधतंय, पोळीला तूप लावतंय, आणि आपला हात आपसूक पुढे जातो. वाक्य म्हणताना खरंच आपले दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं. पानं, बिया, शंखशिंपले, खडे अशी परिसरातली वस्तूच त्यांनी मुलांच्या हाती दिली, आणि मुलाने आपल्या हाताने करून शिकायचं हा त्या कामाचा पाया होता. घरात हे जमण्यासाठी पैसा लागत नाही, वेळ लागतो. म्हणून सुरुवात शाळेच्या सकाळी करू नका, रविवारी करा. नाडी रविवारी जमली की सोमवारी तीच बांधायला कमी वेळ जातो.

*पाची बोटं.* ‘पाचही बोटं सारखी नसतात’ ही म्हण आपण भावाभावांच्या भांडणात दुसऱ्याला ऐकवतो. ती निकालाच्या दिवशी स्वतःला ऐकवायची. खूण: नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी टक्क्यांचा फोटो येणं. कृती: त्या मुलाचं मनापासून अभिनंदन लिहायचं, फोन पालथा ठेवायचा आणि पुढचा तासभर आपल्या मुलाशी गुणांबद्दल एक शब्द काढायचा नाही. समारंभात कुणी काका-काकू विचारतील, ‘हिचे किती आले?’ त्याचं उत्तर आधीच मुलीला विचारून ठरवा: ‘पास झाली छान. बाकी तीच सांगेल तुम्हाला.’ ती शेजारीच उभी असते आणि आपण काय बोलतो ते ऐकत असते.

*झाकली मूठ.* मुलाचं अंथरूण ओलं होणं, त्याची भीती, शाळेतली फजिती, पहिलं प्रेम हे पाहुण्यांसमोर आणि फोनवर सांगायचं नाही. फोटो टाकण्यालाही तेच लागू.

*लोक जातील, आपण राहू.* हे ‘लोक काय म्हणतील’च्या जागी बसवायचं. मॉलमध्ये, एसटीत, लग्नात मूल जमिनीवर लोळण घेतं, तेव्हा ते उचलून बाजूला न्या, जिन्यात किंवा बाहेरच्या पायरीवर शेजारी बसा आणि थांबा. तिथे भाषण देऊ नका. बघणारी माणसं दहा मिनिटांत आपापल्या पंगतीला जातात.

*रात्री निवाडा नाही.* रात्री साडेनऊनंतर मोबाइल जप्त करणं, क्लास बंद करणं, सहल रद्द करणं असा कोणताही निकाल द्यायचा नाही. दमलेला न्यायाधीश शिक्षा मोठी देतो आणि सकाळी ती मागे घेतो. मग मुलांना कळतं की आईबाबांच्या शब्दाला वजन नाही. म्हणायचं एवढंच, ‘हे मी विसरणार नाही. उद्या दूध पिताना बोलू.’ आणि उद्या खरंच बोलायचं. यात झोपेचाही विचार आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होतं. अकरापर्यंत चाललेल्या वादाची किंमत सकाळच्या घाईत वसूल होते.

*फाटलं की शिवायचं.* हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण बाकीची सगळी वाक्यं कधी ना कधी चुकतातच. बाळ आणि आई यांच्यातल्या देवाणघेवाणीचा १९७० च्या दशकापासून अभ्यास करणारे एडवर्ड ट्रॉनिक यांना असं दिसलं की चांगल्या, निकोप नात्यातही दोघांचे सूर बराच वेळ जुळलेले नसतात. सूर तुटतो आणि पुन्हा जुळतो, आणि या पुन्हा जुळण्यातूनच बाळाचा विश्वास तयार होतो. म्हणजे घरात आवाज कधीच चढू नये हे ध्येय ठेवण्याची गरज नाही. चढला तर त्याच दिवशी, झोपण्याआधी टाका घालायचा.

तो कसा घालायचा हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे मोठ्यांनी लहानांपुढे नमतं घेण्याची रीत कमी. शेजारी बसा. घडलं ते एका वाक्यात सांगा, त्याला काय वाटलं असेल ते एका वाक्यात सांगा आणि थांबा: ‘मघाशी मी फार मोठ्याने ओरडले. तू घाबरलास ना?’ त्याला ‘पण तूसुद्धा…’ जोडू नका. त्या ‘पण’ने टाका उसवतो. पसाऱ्याबद्दल, खोटं बोलण्याबद्दल काही सांगायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी सांगा. चॉकलेट, पिझ्झा देऊन शिवू नका. मूल गप्प राहिलं तर राहू द्या. ‘आता बोल ना काहीतरी, मी सॉरी म्हटलं ना!’ असं म्हणणं म्हणजे पुन्हा फाडणं. वडिलांनी हे जरूर करावं. बाप असं बोलू शकतो हे मुलग्यांना घरातच दिसलं पाहिजे.

चौथी पायरी: वाक्य घरात रुळवा

जिथे प्रसंग घडतो तिथे वाक्य लिहा: चपलांच्या स्टँडवर, ओट्याच्या टाइलवर, अभ्यासाच्या टेबलापाशी. पहिले काही दिवस ते मोठ्याने म्हणा, मुलांनी ऐकलं तरी चालेल, उलट ऐकावंच. लहान मुलं खेळताना स्वतःशी बडबडतात. त्यातून ती स्वतःच्या वागण्याला वळण देतात आणि पुढे तीच बडबड मनातल्या विचारात मुरते, असं मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोत्स्की यांनी सांगितलं होतं. आईबाबा स्वतःला कसं आवरतात हे ऐकत वाढलेल्या मुलाला तेच शब्द आयते मिळतात.

एक पथ्य मात्र कडक पाळा. ब्रीद स्वतःला सांगायचं. नवऱ्याला, बायकोला, सुनेला ते फेकून मारलं की त्याचा टोमणा होतो आणि टोमणा झालेलं वाक्य पुन्हा वापरता येत नाही. (धाकट्यांना ही सूट आहे. त्यांनी आठवण करून दिली तर राग मानू नये.)

एकत्र कुटुंबात आजी-आजोबांना विश्वासात घेतल्याशिवाय काहीच टिकत नाही. समजा जेवण भरवताना आजी मोबाइल लावून देतात. ‘आई, तुम्हाला किती वेळा सांगितलं’ ही सुरुवात दार बंद करते. त्याऐवजी: ‘आई, यांना लहानपणी भरवताना तुम्ही काय म्हणायचात हो? ते हिला म्हणून दाखवा ना.’ काऊचा घास, चिऊचा घास हे आजीचंच ब्रीद आहे. तिला ते परत वापरायला मिळालं की मोबाइलचा विषय अर्धा मिटतो.

एका वेळी एकच वाक्य. पहिलं न सांगता आठवायला लागलं की दुसरं घ्या. घरात चालती वाक्यं तीन-चारच असावीत.

दोन वाक्यं एकमेकांना आडवी आली तर

‘हात मागे’ म्हणत उभं राहावं तर रिक्षा चुकते. ‘रात्री निवाडा नाही’ म्हणावं तर थोरल्याने धाकट्याला ढकललेलं असतं. यासाठी उतरंड आधीच ठरवा. आमची अशी आहे: जीव सगळ्यांत वर, मग भूक आणि झोप, मग मुलाचा मान, आणि वेळ, शिस्त, स्वच्छता त्याखाली. मारामारी चालू असेल तर कोणतंही ब्रीद आठवत बसू नका, मुलांना वेगळं करा.

पाचवी पायरी: मुलं वाढली की वाक्यं बदला

सातवी-आठवीत जुनी वाक्यं लहान पडतात. तेव्हा ‘दार वाजवून आत’ येतं, आणि ते आईबाबांसाठी असतं. ‘आधी ऐक, उपाय नंतर’ हे त्या वयातलं सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत उपयोगी वाक्य. मुलगी सांगते, मैत्रीण बोलत नाहीये, आणि आपण लगेच तीन मार्ग सुचवतो. तिला मार्ग नको असतो. परिणामांचा विचार करणारा, आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्यामुळे उंचीने आपल्याएवढ्या झालेल्या मुलाकडून मोठ्यासारख्या निर्णयाची अपेक्षा करताना थोडा हात राखावा. दहावी-बारावीच्या वर्षात घरासाठी एखादं वाक्य मुलालाच सुचवू द्या. एका घरी मुलाने सुचवलेलं वाक्य होतं, ‘जेवताना बोर्ड नाही.’ वर्षभर ताटावर परीक्षेचा विषय निघाला नाही.

ब्रीद पुरत नाही तेव्हा

२०१९ च्या देशव्यापी वेळवापर सर्वेक्षणात असं आढळलं की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास. ज्या घरात असा हिशेब चालतो तिथे आईला संयमाचं आणखी एक वाक्य देणं अन्याय आहे. तिथे आधी कामाची वाटणी कागदावर लिहा: सकाळचा डबा कोण, पालकसभा कोण, आजारपणात रजा कोणाची. वाक्यं त्यानंतर.

आणि काही गोष्टी वाक्यांच्या आवाक्याबाहेरच्या असतात. रोज हात उचलला जात असेल, दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, बाळंतपणानंतर बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोला किंवा १४४१६ हा क्रमांक फिरवा. ही केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे. ती २०२२ मध्ये सुरू झाली, दिवसरात्र आणि मोफत चालते, आणि मराठीत बोलता येतं. मूल धोक्यात असेल तर चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे, आणि तो मूल स्वतःही लावू शकतं. दोन्ही क्रमांक फ्रीजवरच्या त्याच कागदावर लिहून ठेवा.